बोटभर मागे बसवलेला सेन्सर

ही हकीगत मी बरीच वर्षं टाळली. कोणी विषय काढला की मी चहा मागवायचो, नाहीतर गुडघेदुखीवर बोलायला लागायचो. आता माझं ऐकायला फारसं कोणी उरलं नाही, म्हणून धीर आला. याला धीर म्हणावं का, शंकाच आहे.

माझी सगळी नोकरी जालन्याच्या सळयांच्या कारखान्यात भट्टीचं तापमान मोजण्यात गेली. आमच्याकडे एक रीत होती. सेन्सर ऐन ज्वाळेत ठेवला तर लवकर जळतो, म्हणून तो भिंतीत बोटभर मागे बसवायचा आणि मीटर दाखवेल त्यात मनानेच भर घालायची. किती भर घालायची ते भट्टीवरच्या प्रत्येकाला ठाऊक. या आळसाला आम्ही अनुभव म्हणायचो. मी तर छाती फुगवून म्हणायचो.

निवृत्त झाल्यावर नवीन जालन्यातल्या एका धर्मादाय दवाखान्याने मला बोलावलं. त्यांच्याकडे टॉर्चएवढं, हातात धरायचं एक यंत्र होतं. गर्भपिशवीच्या तोंडाशी कर्करोगाच्या आधीचा डाग सापडला, की या यंत्राचं तापलेलं टोक तिथे मिनिटभरही टेकवावं लागत नाही, डाग जळून जातो. खेड्यांतल्या शिबिरांत ते एक सिस्टर चालवत. एकदा जीपमधून उतरताना यंत्र पडलं आणि टोकातला सेन्सर तुटला.

"कंपनीकडं पाठवलं तर दोन महिने गेले समजा," मोठे डॉक्टर म्हणाले. "तुम्ही तर भट्ट्या सांभाळल्या. हे म्हणजे खेळणंच."

मलाही ते खेळणंच वाटलं. मूळ सेन्सर टोकाच्या पत्र्याला आतून चिकटलेला होता, केसाएवढ्या जागेत. तिथे माझा हात पोचेना. मी नवा सेन्सर बोटभर मागे, तापणाऱ्या तारेजवळ बसवला. टेबलावर यंत्र चालू केलं, आकडा शंभरावर गेला, आणि मी कागदावर 'ठीक' लिहून सही ठोकली. भट्टीत मागचा सेन्सर कमी दाखवतो, इथे तो तारेच्या धगीने जास्त दाखवणार होता. आणि इथे मनाने हिशेब करणारं कोणी नव्हतं. आकड्यावर विसंबून यंत्र स्वतःच धग आवरतं घेणार होतं. एवढं कळायला शाळेतलं पोरही पुरे. मला कळलं नाही, कारण मी विचारच केला नाही.

पुढच्या शिबिरानंतर सिस्टर जालन्यातच मस्तगड भागात माझ्या घरी आल्या. चप्पल दारात काढून उभ्याच राहिल्या.

"काका, आधी टेकवलं की जागा पांढरी पडायची. आता पडून न्हाई राह्यली."

"मीटरवर शंभर दिसून राह्यलं ना?"

"दिसतंय."

"मंग? मीटर खोटं आणि तुमचे डोळे खरे?"

"कोरडं असलं की बराबर तापतंय, काका. ओल्या जागी टेकवलं की गार पडल्यावानी वाटतंय."

"सिस्टर, तुम्ही इंजेक्शनं द्या. तापमान आमच्यावर सोडा."

घरात बसलेला माझा भाचा हसला. त्या हसल्या नाहीत. यंत्र पिशवीत घालून निघून गेल्या.

फेरतपासणीत बायकांचे डाग जसेच्या तसे निघाले. डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं आणि सगळ्या स्टाफसमोर सिस्टरना विचारलं, "किती सेकंद धरत होता? की घरी जायची जल्दी होती?" डॉक्टरांना यंत्रातलं काही कळत नव्हतं, पण दोष कोणाच्या गळ्यात घालायचा ते बरोबर कळत होतं. सिस्टरनी माझ्याकडे बघितलं.

"यंत्र बिलकुल ठीक आहे," मी म्हणालो.

त्या दिवसापासून यंत्र त्यांच्या हातून गेलं. शिबिरात त्यांना दारातल्या टेबलावर नावं लिहायला बसवलं.

मला मात्र चैन पडेना. यंत्र तपासायच्या नावाखाली घरी आणलं, बकऱ्याचं काळीज आणलं आणि टोक टेकवलं. आकडा शंभर. काळजावर जेमतेम एक फिकट ठिपका. सिस्टर चपला काढून दारात उभ्या राहून जे सांगत होत्या, ते माझ्या ताटलीत पडलं होतं.

मग मी नीट काम केलं. बारीक तारेचा सेन्सर मिळवला, भिंग लावून तो थेट टोकाच्या पत्र्याला आतून चिकटवला, ओल्या काळजावर पुन्हा पुन्हा तपासला. आता ठिपका पांढरा आणि खोल पडत होता. म्हणजे मी बिघडवलेलं यंत्र मूळ पदावर आलं होतं. डॉक्टरांना मी सांगितलं, "सुधारणा केली आहे."

सुधारणा! त्या शब्दावर माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, डॉक्टरांचं भाषण. जालन्याच्या भट्टीतला अनुभव आयाबहिणींच्या कामी आला, असं ते म्हणाले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मान झुकवून बसलो होतो. लोकांना तो विनय वाटला. पुष्पगुच्छ द्यायला सिस्टरना पाठवलं होतं. "अभिनंदन, काका," त्या म्हणाल्या. त्यांना सगळं कळलं होतं, असं मला तेव्हाही वाटलं.

बायकांना पुन्हा बोलावून उपचार झाले. एक आलीच नाही. तिचं काय झालं ते मी कधी विचारलं नाही.

सिस्टरनी पुढे ती नोकरी सोडली. त्या पिंपळगाव रेणुकाईला माहेरी असतात असं कळल्यावर गेल्या वर्षी मी तिथे गेलो. काय बोलायचं ते बसमध्ये घोकत होतो. त्यांनी ओळखलं, खुर्ची टाकली, पाणी दिलं.

"काका, इकडं कुणीकडं?"

"देवीला आल्तो," मी म्हणालो. "म्हटलं, भेटून जावं."

"बरं केलं." मग माझ्याकडे थोडा वेळ बघून म्हणाल्या, "अजून काही काम होतं का?"

"न्हाई," मी म्हणालो, आणि चहा पिऊन उठलो.

बसमध्ये घोकलेलं वाक्य असं होतं: सिस्टर, तुमचे डोळे खरे होते, सेन्सर मी चुकीच्या जागी बसवला होता, आणि हे मला कळल्यावरही मी तुम्हाला त्या दारातल्या टेबलावर बसू दिलं. मला माफ करा.