दोर धरणारा बायनिर

कड्याच्या तोंडाशी पहिला दोर धरायचा तो बायनिरने, हे फेरो बेटांवरच्या त्या छोट्या गावात सव्वीस वर्षं ठरलेलं होतं. ऑक्टोबरात कड्याच्या अर्ध्यावरच्या गवताच्या पट्टीवरून कोकरं वर काढावी लागत. खाली उतरे त्याचा मेहुणा हॉग्नी. मागे चौघं ओढायला असत, पण हिसका आधी बायनिरच्याच हातांत येई. तो लोकरीचे हातमोजे समुद्राच्या पाण्यात भिजवून घाली. ओली लोकर दोराला चिकटून बसे.

गेल्या वर्षी दोराने त्याचा तळवा भाजला. म्हणून त्याच्या बायकोने, सुन्नवाने, बंदरावरच्या दुकानातून जाड अस्तराचे नवे हातमोजे आणले. ते घालून बायनिरने घरामागे दगडांनी भरलेली बादली धरून पाहिली. पूर्वी दोनशे आकडे मोजून होईपर्यंत ती सहज धरवे. आता एकशे दहालाच बोटं उघडली. आठवडाभर रोज तेच. मोजे काढून एकदा पाहावं, हे त्याला सुचलं नाही. एकसष्टी उलटली, हात गेला, असं त्याने मनाशी धरलं. बोललं तर जागा जाईल, म्हणून गप्प राहिला.

कोकरं काढायच्या दिवशी वारा अगदी पडला होता. उतरताना हॉग्नी म्हणाला, "दाजी, गादी बांधलीय का हाताला? झोपू नका म्हणजे झालं."

चार कोकरं वर आली. पाचवं दोरात बांधू देईना, म्हणून ते काखेत घेऊन हॉग्नी स्वतः वर निघाला, आणि बायनिरच्या मनगटापासून कोपरापर्यंत आग उठली. जाड मोज्यांतून दोर हाताला लागतच नव्हता. किती आवळावं ते कळेना, म्हणून तो सारं बळ लावून आवळत होता. मनातल्या मोजणीत सत्तराव्या आकड्याला करंगळी सुटली. दोर वीतभर सरकला. खालून हाक आली नाही. एक दगड मात्र समुद्रात पडल्याचं ऐकू आलं.

"माझ्याच्यानं धरवत नाही," तो म्हणाला. इतक्या हळू, की मागच्या ट्रोंडुरला क्षणभर उमगलंच नाही. मग ट्रोंडुरने दोर कमरेभोवती घेतला आणि पाय रोवले.

हॉग्नी वर आला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते. त्याने बायनिरचा एक मोजा स्वतः चढवला, दोर आवळून पाहिला, पुन्हा पाहिला.

"हात नाही गेला तुमचा, दाजी. ह्यात माझाही टिकत नाही. पण घरी का नाही बोललात?"

खाली अजून दोन कोकरं होती. लोकरीचे मोजे मागवा, मी उतरतो, असं हॉग्नी म्हणाला. बायनिरने नकारार्थी मान हलवली आणि दोर गुंडाळायला घेतला.

संध्याकाळी कड्याकडून वारा सुटला, आणि तिथे राहिलेल्या दोन कोकरांचं ओरडणं घराघरात येऊ लागलं. सुन्नवा खिडकी लावायला उठली.

"राहू दे," बायनिर म्हणाला.