पाणी भरायला उतरलेला माणूस

दिवाळीनंतरच्या शनिवारी माझे पती तळ्यात उतरले आणि वर आले नाहीत. त्यांच्या हातात कॅन होते. मी काठावर होते.

एवढंच मी त्या दिवशी सांगितलं, आणि नंतर ज्यांनी विचारलं त्यांनाही सांगितलं. पण लोकांनी ऐकलं ते दुसऱ्याचं. म्हणून आता लिहिते आहे. मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. दुसऱ्यांनी लिहिलेलं जागच्या जागी लावून ठेवायचं, हे माझं काम. स्वतः लिहायची सवय नाही, त्यामुळे हात हळू चालतो.

आम्ही सोलापूरचे. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. येतं त्या दिवसाला घरात पाण्याचा दिवस म्हणतात, आणि त्या दिवशी कुणाचं लग्न असो की बारसं, घरातलं एक माणूस नळापाशी थांबतं. आमच्या घरात ते माणूस म्हणजे माझे पती. बँकेत ते अधिकारी होते; नळापाशी लुंगी वर खोचून बसले की कुणाला ओळख पटली नसती. पिंप आधी घासायचं. तोटीला धुतलेलं फडकं बांधायचं. पहिलं गढूळ पाणी कुंड्यांना, मग पिंप, मग हंडे, कळशी, आणि सगळ्यात शेवटी देवापुढचा तांब्या. तांब्यासुद्धा रिकामा राहिलेला त्यांना खपत नसे. आणि ही सवय गावाला गेलं तरी सुटत नसे. एकदा महाबळेश्वरला लॉजच्या खोलीत शिरलो, तर बॅग खाली ठेवायच्या आधी ते न्हाणीघरात जाऊन बादली भरायला लावून आले.

"अहो, इथं चोवीस तास पाणी आहे. बाहेर पाटी लावलीय."

"असू दे की. गेलं म्हणजे?"

मी हसले होते. पाणी भरून ठेवलं की मुक्काम झाला, असं ते म्हणत. त्याआधी त्यांना कुठंही बसवत नसे.

डोंगरात जायचं काढलं ते त्यांच्या मित्रानं. हा मित्र त्यांच्याच गावचा, वळसंगचा. शाळेत दोघे एका बाकावर. पुढे दोघेही शहरात आले. मित्रानं व्यवसायात जम बसवला आणि मग हौस म्हणून एक गट काढला. चाळिशी उलटलेल्या, साखर नि रक्तदाब तपासून कंटाळलेल्या लोकांना सुट्टीत सह्याद्रीत न्यायचं, चालवायचं, एक रात्र तंबूत ठेवायचं. माझे पती बरीच वर्षं टाळत होते. त्या दिवाळीत हो म्हणाले, ते माझ्यासाठी. मी जंगलांची वर्णनं वाचत वाढले होते आणि जंगल काही पाहिलं नव्हतं. आमच्याकडे बाभळ आणि कडुनिंब. त्यांच्या सावलीत उन्हाची नक्षी पडते, पण ऊन जात नाही.

पहाटे बस निघाली. आमचं सामान सगळ्यांत जास्त होतं, त्यावरून मित्र शहर सुटेपर्यंत चिडवत होता.

"वहिनी, चादरी किती घेतल्यात? चाटी गल्लीतलं दुकानच उचललं की काय?"

"रात्री गारठलास की मागायला येशील," माझे पती म्हणाले. "तेव्हा भाव सांगू."

"आणि त्या डब्यात काय?"

"कडक भाकरी. शेंगाचटणी."

"अरे, तिथं गरम जेवण आहे. भाकरी कशाला?"

"लागली तर. तुझ्या डोक्यात घातली तर डोकं फुटेल बघ, भाकरीला काही व्हायचं नाही."

सगळी बस हसली. गोडेतेलाचे दोन रिकामे कॅनही होते, घासून उन्हात वाळवलेले. त्यांच्यावरूनही हशा झाला. "एवढ्या मोठ्या तळ्यावर चाललोय, आणि सोलापूरकर कॅन घेऊन निघाले," कुणीतरी म्हणालं. ते पायांशी ठेवलेले कॅन नीट करत हसत राहिले.

दुपारी बस घाटात थांबली. तिथून चालत जायचं होतं. आधी खडी चढण, मग खिंडीतून पलीकडच्या रानात उतरणारी पाऊलवाट. ते रान मला अजून आठवतं, आणि आठवतं याचा राग येतो. पायाखाली ओल्या पानांचा जाड थर होता आणि पावलांचा आवाजच होत नव्हता. डोक्यावर इतकी झाडी की भर दुपारी चष्मा काढून पुसावा असा उजेड. कारवीच्या काठ्या, जांभळी, वेलींनी बांधून टाकलेली झाडं. बऱ्याच झाडांची नावं मला पुस्तकांमुळे ठाऊक होती, पण कुठलं नाव कुणाचं ते कळत नव्हतं. माझे पती पुढे चालत होते, दोन्ही कॅन दोरीनं बांधून खांद्यावर टाकलेले, आणि प्रत्येक पावलाला ते एकमेकांवर आपटून टक् टक् वाजत होते. मधेच थांबून मागे बघायचे.

"दमलीस?"

"नाही."

"मग तोंड का उघडं?"

"बघतेय."

"बघ बघ. परत गेल्यावर कडुनिंबच आहे."

झाडी संपली आणि खाली तळं दिसलं. धरणाचं पाणी डोंगरांच्या घळींत मागे मागे शिरून झालेलं ते तळं. चारी बाजूंनी रान थेट पाण्यापर्यंत उतरलेलं. आम्ही दोघंही जागीच उभे राहिलो.

"एवढं पाणी," ते म्हणाले, "अन् एक घागर नाही लायनीत."

त्यांचं पाण्याविषयीचं शेवटचं कौतुक ते. नंतर लोकांनी त्यांच्या तोंडी पुष्कळ घातलं.

काठाजवळच्या सपाट जागेवर तंबू लावायचं काम सुरू झालं. मी एका झाडाखाली चादर अंथरत होते. माझे पती कॅन सोडवत मित्राकडे गेले. तो पाठमोरा वाकून तंबूची दोरी खुंटीला ओढत होता.

"पाणी कुठनं भरायचं रे?"

मित्रानं मागे न बघता तळ्याकडे हात केला. "हे काय, समोर पसरलंय की एवढं! भर किती भरायचं ते."

आजूबाजूचे हसले. माझे पतीही हसले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, चपला काढून एका बाजूला लावून ठेवल्या, आणि दोन हातांत दोन कॅन घेऊन ते काठाकडे गेले.

इथं मला आमच्याकडच्या तळ्यांविषयी सांगितलं पाहिजे, कारण सगळं तिथंच आहे. आमची तळी ताटासारखी असतात. उथळ. काठाला म्हशी बसतात, धुणं होतं, चिखल असतो. काठाचं पाणी कुणी प्यायला भरत नाही. भरणारा माणूस कपडे वर खोचून आत चालत जातो, पाणी नितळ लागेपर्यंत, आणि गुडघाभर पाण्यात उभा राहून भांडं आडवं करतो. हिवाळ्यात बाहेरून पक्षी येतात, ते पार तळ्याच्या मध्यावर नुसत्या पायांवर उभे दिसतात. वळसंगच्या पोरानं पाणी असंच भरायचं असतं, हे लहानपणी शिकलेलं. माझ्या पतींनी ते तसंच केलं. काठाचं पाणी गढूळ होतं, वर पानं तरंगत होती. ते आत गेले. पाणी घोट्यापर्यंत आलं, मग पोटरीपर्यंत. त्यांनी वाकून पाण्याकडे पाहिलं, त्यांना ते अजून पसंत पडलं नाही, आणि त्यांनी पुढचं पाऊल टाकलं.

ते तळं म्हणजे बुडालेला डोंगर होता. काठ संपला की पाण्याखाली सरळ उतरण.

ओरडणं झालं नाही. मी पाहत होते, आणि तिथं कुणी नव्हतं. मग एक कॅन वर आला.

पुढची धावपळ मला सलग आठवत नाही. गटातल्या काहींना पोहता येत होतं, ते उतरले. खालच्या वाडीतून माणसं होडी घेऊन आली. ऊन डोंगराआड गेलं तेव्हा त्यांना बाहेर काढलं. डोळ्यांवर चष्मा नव्हता. शर्टाच्या खिशात मोबाइल होता.

त्याच संध्याकाळी गटातल्या एका बाईनं मला चादरीवर बसवलं आणि पाण्याचा पेला माझ्या हातात दिला. मी प्यायले. पाणी फार गार होतं. माझ्या तोंडून सवयीनंच निघालं, "कुठनं आणलं?"

"मागं पाइप आहे ना झऱ्याचा," ती म्हणाली. "तंबूच्या मागेच. सारखा वाहतोय."

मी उठून पाहून आले. होता. खडकात बसवलेला पाइप, खाली दगडी कुंडी, आणि पाणी भरून वाहून चाललेलं. मित्र त्या जागी दरवर्षी येत होता.

पोलीस आले तेव्हा मी पाइपापाशीच होते. मित्राचं बोलणं मला तिथून ऐकू येत होतं.

"लहानपणापासून पोहायची हौस राहिली होती, साहेब. पाणी बघितलं आणि राहवलं नाही त्याला. तरंगायला म्हणून रिकामे कॅन घेऊन उतरला."

आमच्याकडे पोरं पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकतात, त्यामुळे हे ऐकायला खरं वाटतं. मी पुढे होऊन म्हणाले, "ते पाणी भरायला उतरले होते."

हवालदार डोंगरातलाच होता. माणूस वाईट नव्हता. "ताई," तो म्हणाला, "पाणी काठावरनं भरतात. भरायला आत कोण जातं?"

मी मित्राकडे पाहिलं. भरायला आत कोण जातं, हे त्या जागी एका माणसाला माहीत होतं. तोही त्याच गावच्या तळ्यात गुडघाभर उभा राहून भांडी भरत मोठा झाला होता. तो जमिनीकडे बघत राहिला. मग कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालं, "वहिनी धक्क्यात आहेत." तेव्हापासून माझ्या बोलण्याला हे एक नाव मिळालं आहे.

दुसऱ्या दिवशी बातमीत ‘पोहण्याचा मोह’ असे शब्द आले.

वळसंगला दिवसकार्याला मित्र आला. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यानं पाया पडून तेच सांगायला सुरुवात केली. हौस होती, पाणी बघून राहवलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं.

"माझा ल्योक?" त्या म्हणाल्या. "त्यो हिरीत उतरत न्हवता. तुमी समदी पोरं उड्या मारायचा, अन् त्यो काठावर कापडं राखत बसायचा. तुजीबी कापडं राखायचा की रं."

मित्र म्हणाला, "काकू, मोठेपणी माणूस बदलतो."

"व्हय, बदलतो," सासूबाई त्याच्याकडे बघत म्हणाल्या. नंतर त्याच्याशी बोलल्या नाहीत. तो चहा न घेता गेला.

वर्ष झालं तेव्हा गटानं स्मरण पदभ्रमंती ठरवली. त्याच तळ्यावर. सगळ्यांना सारखे टी-शर्ट, छातीवर माझ्या पतींचं छायाचित्र, खाली ‘पाण्याचा वेडा’. मला बस सुटताना नारळ फोडायला बोलावलं. दीर म्हणाले, "नको जाऊ, वहिनी. कशाला उगाच?" मी गेले. मित्राचं त्या दिवशीचं एक वाक्य मला तिथं सांगायचं होतं, ज्यांनी ते ऐकलं होतं त्यांच्यासमोर.

सकाळची वेळ होती. लोक हातात चहाचे कप घेऊन उभे होते. तीसचाळीस छात्यांवरून माझे पती माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "ते पोहायला उतरले नव्हते. त्यांना पोहता येत नव्हतं. त्यांनी विचारलं होतं, पाणी कुठनं भरायचं. उत्तर मिळालं, समोर पसरलंय, भर. झऱ्याचा पाइप मागेच होता. तो कुणी दाखवला नाही."

मला ज्या बाईनं पाणी दिलं होतं ती तिथं होती. ती कपात बघत राहिली.

मित्र पुढे आला. "पाइपाचं बसमध्येच सांगितलं होतं सगळ्यांना," तो शांतपणे म्हणाला. "वहिनींच्या भावना आपण समजू शकतो." आणि त्यानं टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवली. चहाचे कप बोटांत धरून जमेल तशी वाजवली. कुणीतरी माझ्या हातात नारळ दिला. मी तो न फोडता खाली ठेवला आणि रिक्षा करून घरी आले. बस गेली. संध्याकाळी तंबूंची छायाचित्रं मोबाइलवर आली. नंतरही ती दरवर्षी येतात.

बसमध्ये कुणी काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं, तर माझ्या पतींनी उतरल्याबरोबर आधी तो पाइप शोधला असता, त्याची धार किती आहे ते पाहिलं असतं, आणि मला बोलावून दाखवलं असतं. हे मला कुणापुढे सिद्ध करता येत नाही. त्यांच्याबरोबर जी राहिली तिला ते माहीत आहे, एवढंच.

सासूबाई मागच्या उन्हाळ्यात गेल्या. तो हिरीत उतरत नव्हता असं म्हणणारं आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

वर आलेला कॅन पोलिसांनी परत दिला. तो स्वयंपाकघरात ओट्याखाली आहे. पाण्याच्या दिवशी तोटीला फडकं बांधून मी पिंप भरते, हंडे भरते, तो कॅन भरते, आणि शेवटी तांब्या.