क्वार्टरबॅकचा पहिला हंगाम

माझ्या मुलाला पंधरावं लागलं त्या हिवाळ्यात तो अमेरिकन फुटबॉल खेळायला लागला. आमच्या दोन्हीकडच्या घरांत त्या खेळाची कुणाला गंधवार्ता नव्हती. पण आम्ही राहतो त्या बहारीनमध्ये अमेरिकन कुटुंबं बरीच, त्यांची मुलं याच्या वर्गात, आणि नोकरीतून निवृत्त झालेल्या एका धिप्पाड अमेरिकन गृहस्थांनी पोरांचा एक संघ उभा केला होता, कोचही तेच. मित्राबरोबर हा नुसता बघायला गेला. रेषेबाहेर आलेला चेंडू उचलून त्यानं परत फेकला, तो इतका सरळ आणि लांब गेला की त्या गृहस्थांनी याला घरी जाऊच दिलं नाही. थोड्याच दिवसांत हा संघाचा क्वार्टरबॅक झाला.

म्हणजे नक्की काय झाला, ते मला बायकोनं समजावलं. ती कोल्हापूरकडची, कॉलेजात कबड्डी खेळलेली. इंटरनेटवर दोन सामने बघून तिला सगळा खेळ कळला होता.

"अहो, सोपं आहे. चेंडू आधी याच्या हातात येणार. कुणाकडं फेकायचा ते यानं ठरवायचं. तेवढ्यात समोरचे चारपाचजण याला आडवं करायला धावत येणार. त्यांच्याकडं बघायचंच नाही. लांब बघायचं, आपला कोण मोकळा झालाय ते."

"आणि ते अंगावर आले तर?"

"येणारच की. त्यासाठीच तर हेल्मेट दिलंय."

तिला त्यात काही वाटलं नाही. मी मात्र हेल्मेटचा पट्टा दोनदा ओढून बघितला. ही सवय नोकरीची. मी सित्र्याच्या औद्योगिक भागात एका कारखान्यात सेफ्टीचं काम बघतो. शिडी लावली की ती कुठून घसरेल, झडप उघडली की वाफ कुणाच्या तोंडावर येईल, हे आधी डोळ्यांपुढं आणायचा मला पगार मिळतो. अपघात झालाच तर कॅमेऱ्याचं चित्रण पुन्हा पुन्हा बघायचं आणि माणूस कुठं चुकला ते शोधायचं, हेही माझंच काम. अशा माणसानं मैदानाच्या कडेला उभं राहून आपल्या पोरावर धावून जाणारी दांडगी पोरं बघायची म्हणजे काय होतं, ते कुणाला सांगून कळायचं नाही. बाकीचे पालक टाळ्या वाजवायचे. मी कुंपणाची जाळी धरून उभा असायचो.

तो चांगला खेळत होता. मलासुद्धा ते दिसत होतं. चेंडू हातात आला की तो शांत उभा राहायचा, मान वर, पाय रोवलेले. आजूबाजूला धक्काबुक्की चाललेली आणि हा बाजारात भाजी निवडावी तसा बघतोय. मग हात मागे जायचा आणि चेंडू कुणाच्या तरी छातीवर जाऊन बसायचा. कोच म्हणायचे, असा संयम शिकवून येत नाही. मला वाटायचं, अरे बाबा, टाक की लवकर.

हंगाम अर्धा झाला असेल. शुक्रवारची दुपार, वाऱ्यानं धूळ उडत होती. चेंडू घेऊन तो नेहमीसारखा थांबला. डावीकडून आलेला एक मुलगा त्याला दिसलाच नाही. मला दिसला. मी ओरडलो, पण माझं ओरडणं वाऱ्यात गेलं. माझा मुलगा कुशीवर आपटला आणि हेल्मेट जमिनीवर आदळल्याचा आवाज पलीकडच्या कडेपर्यंत आला.

मी धावलो तोवर कोचनी त्याला उठवून बसवलं होतं, हेल्मेट काढलं होतं. ते त्याला इंग्रजीत विचारत होते, कुठं आहेस, आज वार कोणता. तो त्यांच्याकडं नुसता बघत होता. मग त्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "बाबा, आई कुठाय? मला घरी जायचंय."

मराठीत. तीसुद्धा आईच्या वळणाची मराठी.

हा मुलगा इथंच जन्मला, इथंच शाळेत गेला. आम्ही मराठीत बोलायचं आणि त्यानं इंग्रजीत उत्तर द्यायचं, असं आमच्या माहूजच्या घरात वर्षानुवर्षं चालत आलेलं. त्यानं मराठीत बोलावं म्हणून मी किती मागं लागलो होतो. आणि आता तो बोलला तेव्हा मी घाबरलो. वाटलं, याच्या डोक्यात काहीतरी निसटलंय. वरचे सगळे थर गेले आणि खालचा, बालपणाचा, तेवढा उरलाय.

गाडीत तो पुन्हा पुन्हा एकच विचारत राहिला. "आपण जिंकलो का?" मी सांगायचो, अजून सामना चाललाय. तो मान हलवायचा, आणि पुढच्या सिग्नलला परत, "बाबा, आपण जिंकलो का?" बायकोला वाटेत घरून घेतलं होतं, ती मागच्या सीटवर त्याचं डोकं धरून बसली होती.

हॉस्पिटलातल्या डॉक्टर केरळच्या होत्या. स्कॅन केला, डोळ्यांत टॉर्च मारला. रक्तस्राव नाही, म्हणाल्या. मेंदूला झटका बसलाय, विश्रांती हाच उपाय. मोबाइल नाही, पुस्तक नाही, पडदे ओढून ठेवा. पुढचे दिवस मी रजेवर होतो. अंधाऱ्या खोलीत जाऊन त्याला उगीच काहीतरी विचारायचो. तुझ्या वर्गशिक्षिका कोण? सलमानियाला जायचं तर वळायचं कुठून? सात नवे किती? तो सांगायचा, कधी चटकन, कधी थांबून. मग एका सकाळी मी विचारलं तेव्हा तो वैतागून म्हणाला, "बाबा, प्लीज. स्टॉप टेस्टिंग मी." मी स्वयंपाकघरात जाऊन बायकोला सांगितलं, इंग्रजी परत आलं. ती ओट्याला टेकून रडली. तोवर ती रडली नव्हती.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर तो शेवटचे दोन सामने खेळला. मी नको म्हणत होतो. डॉक्टर हो म्हणतायत, पोरगं हो म्हणतंय, आपण कोण, असं बायकोचं म्हणणं पडलं. त्या दोन सामन्यांत तो पडलासुद्धा नाही. चेंडू आला की लगेच फेकत होता. संघ दोन्ही सामने जिंकला.

हंगाम संपल्यावर कोचनी आम्हा तिघांना बोलावलं. क्लबच्या खोलीत लॅपटॉप लावून प्रत्येक मुलाचा वर्षाचा आढावा ते आईबापांसमोर घ्यायचे. आमच्या मुलाबद्दल ते फार मनापासून बोलले. हात दणकट आहे. मैदान वाचायची नजर आहे. सुरुवातीला एकच दोष होता, चेंडू फार वेळ धरून ठेवायचा, अगदी मोकळा खेळाडू दिसेपर्यंत. त्यातूनच ती दुखापत झाली. "पण बघा," ते म्हणाले आणि त्यांनी शेवटच्या सामन्यांचं चित्रण लावलं, "परत आल्यावर किती लवकर सोडतोय. पहिल्याच वर्षी हे सुधारणारी मुलं मी फार पाहिली नाहीत." पुढच्या वर्षी मोठ्या मुलांच्या संघात घेईन, उन्हाळ्यात अमेरिकेतल्या शिबिराला पाठवू, तिथं खेळाडू निवडायला कॉलेजांची माणसं येतात, असं बरंच काही ते सांगत होते.

मी पडद्याकडं बघत होतो. अपघाताची चित्रणं बघायची माझी सवय. तिथं मी यंत्र बघत नाही, माणसाचे खांदे बघतो. मुलाचे खांदे चेंडू हातात यायच्या आधीच कानांपाशी गेले होते. मान वर नव्हती. तो लांब बघतच नव्हता, धावून येणाऱ्यांकडं बघत होता, आणि ते जवळ यायच्या आत चेंडू कुठंतरी देऊन टाकत होता. आपली मुलं चपळ म्हणून ते चेंडू झेलले गेले. कोच ज्याला सुधारणा म्हणत होते ती भीती होती.

मी मुलाकडं बघितलं. तो माझ्याकडंच बघत होता. मला दिसलंय हे त्याला कळलं. त्यानं हळूच मान हलवली, नको.

मी कोचचे आभार मानून उठलो. परतताना चहाच्या टपरीपाशी गाडी थांबवली. कडक चहाचे कागदी पेले घेऊन आम्ही गाडीतच बसलो. बायकोला शिबिराचा आनंद झाला होता, ती तिकिटाचं बोलत होती. मी म्हटलं, "थांब जरा. त्याला काहीतरी सांगायचंय."

त्यानं पेल्याची कड नखानं कुरतडली. मग इंग्रजीत, खालच्या आवाजात म्हणाला, की त्याला रोज भीती वाटते. सरावाच्या आदल्या दिवसापासून. चेंडू हातात येतो तेव्हा हेल्मेटच्या आत त्याला फक्त तो आवाज ऐकू येतो. "बाबा, तू कोचना सांगशील?"

"का नको सांगू?"

"मग ते बॉल दुसऱ्याला देतील."

मी बायकोकडं बघितलं. मला वाटलं ती म्हणेल, काय नाही होत, खेळ. ती मागे वळून बसली आणि त्याला म्हणाली, "बाळा, माझं कॉलरबोन मोडलं होतं ना, त्यानंतर मी एक आख्खं वर्ष भिऊन खेळले. चढाईला जायची आणि कुणी हात लावायच्या आत पळून यायची. सगळे म्हणायचे, काय चपळ झालीये पोरगी! मीही गप्प बसले. पुढच्या वर्षी तालुक्याच्या सामन्यात पकडलं मला, अंग आधीच आखडलेलं, गुडघाच गेला. मग कबड्डी संपली." तिनं त्याच्या पायावर हात ठेवला. "भीतीची लाज नसते. आखडलेलं अंग मोडतं, एवढंच."

गुडघ्याची ही हकिगत मीसुद्धा पहिल्यांदाच ऐकत होतो. तिचा जिना चढताना पाय का अडतो, ते मी कधी विचारलं नव्हतं.

सांगायचं की नाही ते आम्ही त्याच्यावर सोडलं. हंगाम संपला तरी सराव चालू होता, पुढच्या सरावाला तो एकटाच कोचकडं गेला. मी जाळीपलीकडून बघत होतो. त्यांनी टोपी काढली, परत घातली, बराच वेळ ऐकून घेतलं. मग माझ्याकडं आले आणि म्हणाले, माझा आढावा चुकला. मला ते दिसायला हवं होतं. चेंडू त्यांनी खरंच दुसऱ्या मुलाला दिला. मुलगा घरी येऊन दार लावून बसला, जेवला नाही.

या हिवाळ्यात तो त्याच खेळाच्या दुसऱ्या प्रकारात खेळतोय. त्यात कुणी कुणाला पाडत नाही, कमरेला लावलेली फीत ओढली की खेळ थांबतो. पहिले काही सामने खांदे तसेच वर होते. नंतर नंतर खाली आले. परवा कोच त्याच्यावर ओरडले, "किती वेळ धरून ठेवतोस!" आणि तो हसला.

शिबिराचं अजून ठरलेलं नाही. मुलगा म्हणतो, पुढच्या वर्षी मला परत हेल्मेट घालून खेळायचंय, डॉक्टर हो म्हणाल्या तर. बायको म्हणते, बघू. मी हो म्हणालेलो नाही आणि नाहीही म्हणालेलो नाही. परवाच त्यानं जोडे लहान झाले म्हणून नवे मागितले. दुकानदारानं विचारलं, कुठल्या खेळाचे दाखवू? मुलगा माझ्या तोंडाकडं बघत उभा राहिला.