दुखण्याची रेघ

माझी आई सरुबाई मुकादमाला घाबरली नाही, प्रिन्सिपॉलला घाबरली नाही. घाबरली ती फक्त दवाखान्यातल्या एका कागदाला. जामबागच्या कॉलेजात तिनं बावीस वर्षं फरश्या पुसल्या. नव्व्याण्णव साली संधिवातानं बोटं अशी सुजली की चिंधी पिळवेना. त्याच वर्षी एका खासगी दवाखान्यात परदेशी कंपनीची नवी गोळी पेशंटांवर तपासून बघत होते. गोळी फुकट मिळायची. दर महिन्याला मात्र कागदावरच्या दहा सेंटीमीटरच्या रेघेवर खूण करायची. डावं टोक म्हणजे दुखतच नाही, उजवं म्हणजे सोसवत नाही.

आई दर वेळी डावीकडे खूण करायची आणि घरी आली की वेणी मला घालायला लावायची. मी चिडले की म्हणायची, "फुकट औषध देणाऱ्याला गुण नाही म्हणून तोंडावर कसं सांगायचं गं? आणि बंद केलं तर?" मीही दवाखान्यात कधी सांगितलं नाही. माझंही चुकलंच.

चौथ्या महिन्यात एका सकाळी ती मोरीत चक्कर येऊन बसली. तेव्हा कुठं कबूल केलं, आठ दिवस शौचाला डांबरासारखं काळं होतंय.

"अगं, परवाच गेली होतीस ना? सांगितलं का नाहीस?"

"काही त्रास आहे का, विचारलं. मी म्हटलं, काही नाही."

काय बोलावं या बाईला! ऑटोत तिचा हात गार पडला होता. ही वाटेतच जाते की काय, एवढंच डोक्यात.

त्याच दवाखान्यात डॉक्टर उदय यांनी तपासलं, सलाईन लावलं. "आतून रक्त जातंय. गोळी आत्ताच बंद." मग त्यांनी फाइल उघडली. "ताई, पहिल्या तुकडीत यांच्यासारख्याच सगळ्यांच्या खुणा चांगल्या. त्रास कुणालाच नाही. म्हणून तर पुढच्या तुकडीला पंधरा दिवसांपासून दुप्पट गोळी देतोय."

आईनं ते ऐकलं. माझा हात धरून म्हणाली, "बाहेर पद्मावती बसलीय, ती पुढच्या तुकडीतली. तिला विचार. पळ."

चिक्कडपल्लीच्या पद्मावतीकाकू बाकावर कागद भरत होत्या. शौचाला काळं होतंय का, मी हळूच विचारलं. त्यांचा चेहरा उतरला. डॉक्टरांच्या दाराकडे बघत त्यांनी मला जवळ ओढलं.

"चार दिवस झाले. पण तू ओरडू नक्को माय, डॉक्टरला वाईट वाटंल."

मी ओरडले. अख्खा दवाखाना गोळा होईल इतक्या जोरात ओरडले.