दुसऱ्याची पोर

"आत्या, कळण्याची भाकर खावीशी वाटते गं..." एवढं बोलली आणि लाइन तुटली. कापडदुकानातला फोन हातात धरून मी "लता, भाकर? ए लता" ओरडत राहिले. दुकानाचे शेठजी म्हणाले, "अक्का, एवढं काय झालं? पोरगी भाकर तर मागते." त्यांना काय सांगू? परक्या देशात लताच्या कानाशी कोणी उभं असलं तर तिला मोकळं बोलता येणार नाही, म्हणून निघताना आमचं ठरलं होतं... जिवावर बेतलं तर कळण्याच्या भाकरीचं नाव काढायचं. ज्वारी-उडदाची आमची भाकर, तिकडे कोणाला काय कळणार! मी तशीच निघाले. एरंडोलहून मिळेल त्या एस.टी.ने जळगाव गाठलं आणि कॉलेजच्या दारात, माझ्या पोरीला तिकडे धाडणाऱ्या पाटील सरांची कॉलर धरली. "मनी पोर कोठे शे?"

ते पाटील सर गेल्या महिन्यात धुळ्याला वारले. त्यांच्या विद्यार्थ्यांनी पेपरात चांगलं चांगलं लिहिलं. ते खोटं नाही. पण मला सर जसे दिसले तसे कोणी लिहिले नाहीत, म्हणून मी लिहिते. माझी शाळा चौथीपर्यंतची, तेव्हा गोड करून लिहिता येणार नाही.

लता माझ्या भावाची मुलगी. भाऊ-वहिनी गेल्यावर मीच तिला वाढवलं. सर तिला कॉलेजात झाडापानांचा विषय शिकवायचे. एका उन्हाळ्याच्या तोंडावर ते आमच्या घरी आले. फिलिपीन्स नावाच्या देशात केळीवर संशोधन करणारी एक संस्था होती, ती कॉलेजच्या एका मुलाला किंवा मुलीला सुट्टीत कामाला बोलावणार होती. विमान, राहणं, जेवण, वर हातखर्च, सगळं तीच देणार. मी विचारलं, "केळी शिकायला तिकडे? आमच्या तापीकाठी काय बोरं लागतात?" सर हसले. म्हणाले, "अक्का, तिकडे बाटलीत रोपं वाढवतात." बाटलीत केळी! मी मनात म्हटलं, हा माणूस एक तर वेडा आहे, नाही तर मला वेडी समजतो. "बठ्ठा खर्च त्या देतस? का बरं?" याला त्यांच्याकडे उत्तर होतं, पण ते माझ्या गळी उतरलं नाही. फुकटचा घास गळाला लावलेला असतो, एवढं मासळीबाजारात उभं राहिलं तरी कळतं. शिवाय सर आमच्याकडे पाण्याशिवाय काही घ्यायचे नाहीत. जो घरात येतो आणि घास टाळतो, त्याच्यापासून मी चार हात लांब राहते. पण लता ऐकेना. म्हणाली, "आत्या, तू जन्मभर दाराला कडी लावूनच बसणार का?" अशी जीभ तिला मीच दिलेली, बोलणार काय?

जाताना जळगावच्या स्टँडवर एक धडधाकट मुलगी तिला निरोप द्यायला आली होती. लता म्हणाली, "ही विद्या, सरांची मुलगी. माझ्याच वर्गात आहे, माझ्यापेक्षा हुशार." मी तिथेच सरांकडे वळले. "तुमनी पोर का बरं नही धाडी?" सर म्हणाले, तिची तब्येत नाजूक असते. ती नाजूक पोर त्या वेळी लताची ट्रंक खांद्यावर घेऊन बसच्या टपावर चढत होती... तेव्हापासून मनात जी पाल चुकचुकली ती थांबली नाही.

म्हणून मी कॉलर धरली. सरांनी माझा हात झटकला नाही. शिपाई धावून आला तर त्यालाच मागे सारलं. मला घेऊन तार ऑफिसात गेले, तिकडचा फोन बुक केला, आणि आम्ही दोघं बाकावर बसून राहिलो. सर घडीघडी उठून खिडकीशी जात, फोन लागला का विचारून परत येत. मी बघत होते. धोका नाही असं ज्याला ठाऊक आहे तो माणूस एवढ्या खेपा घालत नाही. संध्याकाळी फोन लागला. लता खदखदा हसत होती. "अगं, रोज भात खाऊन कंटाळले, खरंच भाकरीची आठवण आली! ते ठरलेलं विसरलेच मी." मी म्हटलं, "मेले, संकटाला ठेवलेला शब्द होता तो." तर म्हणते, "आत्या, रोज भात म्हणजे संकटच!" सर मात्र हसले नाहीत. भिंतीला टेकून डोळे मिटून बसले.

लता सुखरूप आली. बाटलीतली रोपं खरी निघाली, आज ती जळगावात तेच काम करते. पुढे कॉलेजला तशी जागा पुन्हा आली नाही. विद्याचं लग्न झालं, दोन वर्षांत ती माहेरी परतली आणि वडिलांचं दुखणं काढत राहिली.

सरांनी शेवटी मला बोलावून घेतलं. धुळ्याच्या घरात खाटेवर पडून होते, आवाज खोल गेलेला. म्हणाले, "अक्का, नाव विद्याचं लागलं होतं. माले बी भेव वाटे. तुम्ही जे बोलत होता तेच माझ्या मनात होतं. मग मी लताचं नाव पुढे केलं. वाटलं... तिच्यामागे विचारणारं कोण आहे?" मी म्हटलं, "मी होते."

"ते कॉलर धरलीत तेव्हा कळलं."

मला राग आला का? आला. पण आमच्या दोघांची भीती एकच होती. मी माझी पोर धरून ठेवू पाहत होते, त्यांनी दुसऱ्याची पुढे ढकलली. एवढाच फरक, आणि तो लहान नाही. मी माफ केलं म्हणाले नाही, त्यांनीही माफी मागितली नाही. मागे वळले तर विद्या चहा घेऊन दारात उभी. किती ऐकलं, कोण जाणे. ती एवढंच म्हणाली, "आबा, चहा निवतोय."

सर गेल्यावर मी लताला घेऊन विद्याला भेटायला गेले. खाट उचललेली, पण उशाशी भिंतीवर त्यांच्या डोक्याच्या तेलाचा डाग तसाच होता. विद्या त्या डागाखाली बसली. मग म्हणाली, "लता, तिकडे कसं होतं गं? कधी विचारलंच नाही मी." लता माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, सांग. लता सांगत गेली... बाटल्या, भात, समुद्र, सगळं. विद्या मध्ये मध्ये प्रश्न विचारत होती, हुशार मुलीचे प्रश्न. त्या उन्हाळ्यातल्या आम्ही तिघी त्या खोलीत होतो. सर नव्हते.