मी बावड्याचा

भूगोलाच्या वर्गात तो माझ्याच बाकावर बसतो. कुणी गाव विचारलं की म्हणतो, "इथलाच, कसबा बावड्याचा." आम्ही सगळे हाय-न्हाय करत मोठ्यानं बोलतो, हा मात्र आधी घसा खाकरतो आणि बातम्या दिल्यासारखं 'आहे', 'नाही' म्हणतो. चंदगडकडच्या बोलण्याची मी नक्कल करतो, तेव्हा सगळ्यांबरोबर तोही हसतो.

यंदा मानवी भूगोलाच्या सर्वेक्षणाला सरांनी चंदगडकडचंच एक खेडं निवडलं. आम्हा दोघांच्या वाट्याला डोंगराकडचं शेवटचं घर आलं. दाराची चौकट इतकी बुटकी की माझं कपाळ आपटलं. तो न बघताच वाकून आत गेला.

आत एक बाई होत्या. त्याला बघून त्यांचा चेहरा उजळला. तो खाली बघत म्हणाला, "नमस्कार. आम्ही विद्यापीठातून आलो आहोत."

त्या थांबल्या. मागच्या भिंतीवर त्याचा शाळेच्या गणवेशातला फोटो होता. त्या हळूच सरकून फोटोपुढं उभ्या राहिल्या.

त्यानं घसा खाकरला. "घरात माणसं किती?"

"मी एकटीच हाय."

"मुलं?"

त्या त्याच्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "न्हाय."

त्यानं तसंच लिहिलं. मला मान वर करवेना.

निघताना त्यांनी भाजलेले काजू आणले. मला मूठभर दिले. उरलेले सगळे त्याच्या ओंजळीत ओतले आणि म्हणाल्या, "वाटंत खावा, पावणं."