नराच्या झाडाची टोपली

वाटणीच्या दिवशी म्हाताऱ्या शूनं फेईच्या, म्हणजे बदामासारखं बी देणाऱ्या, आठ झाडांतली सात धाकट्या लेकाला, श्वेइमूला दिली आणि उरलेलं एक थोरल्या लेकीला, फेंगश्येनला. ते एक नर होतं. तिघांच्या कवेत न मावणारं, आणि जन्मात एक दाणा न दिलेलं.

"मलाच का हे?" फेंगश्येननं विचारलं.

बापानं चिलीम झटकली. "तुझ्या पोटी कोण आहे खाणारं? नवराही गेला. एकटीला टोपल्या येतात तेवढ्या पुरे."

टोपल्या म्हणजे गावाचा जुना शिरस्ता. फेईत नर वेगळा, मादी वेगळी. एप्रिलात नराची पिवळी बोंडं फुटून धूळ उडते. मादीला ना पाकळी ना वास. फांदीवर हिरवं उघडं बी, मोहरीएवढं, तोंडाशी पाण्याचा थेंब धरून बसलेलं. धूळ त्या थेंबात पडली की थेंब आत ओढला जातो आणि बी धरतं. नाही पडली तर ते चार दिवस वाट बघून वाळतं, गळतं. पंचक्रोशीत नर हा एकच. म्हणून सप्टेंबरात काढणी झाली की प्रत्येक घर मिठात भाजलेल्या फेईची टोपली नराच्या मालकाच्या उंबऱ्यावर ठेवायचं. फेंगश्येन त्या टोपल्या मोजत नसे. पण माणसं तिच्या दारात येऊन वाकायची, हे तिला हवं असायचं. पोर नसलेल्या बाईकडे एरवी वाकायला कोण येतं?

मग तालुक्याच्या गावी परागाच्या बाटल्या मिळू लागल्या. श्वेइमूनं पहिली आणली. पाण्यात मिसळायची आणि पंपानं फवारायची. त्या वर्षी त्याची टोपली आली नाही, पुढच्या वर्षी कुणाचीच नाही. भावजय आग्वे नदीवर सगळ्यांदेखत म्हणाली, "वन्सं, आता नवरा बाटलीत मिळतो. तुमच्या म्हाताऱ्याला कोण विचारतंय?" बाया धुणं सोडून हसल्या.

फेंगश्येन सहासष्टची झाली त्या एप्रिलात पावसानं आठ दिवस डोळा उघडला नाही. ओल लागून बाटलीतले पराग मेले. श्वेइमू भिजत बहिणीच्या दारात आला.

"ताई, थेंब धरलेत झाडांनी. दोन दिवसांत वाळतील."

"मग बाटलीला सांग."

"टोचून बोल, मार दोन. पण चल."

ती गेली. एका बांबूला दोन्ही अंगांनी पायऱ्या ठोकलेली गोमेसारखी शिडी त्यानं धरली आणि ती साठी उलटलेली बाई स्वतः वर चढली. न फुटलेली बोंडं खुडून आणली, चुलीच्या उबेला कागदावर पसरली. सकाळी कागदावर पिवळी धूळ. ती फडक्यात बांधली, लांब बांबूच्या टोकाला लावली आणि पाऊस उघडला तेवढ्यात साती झाडांखाली हिंडून झटकली. केस, भुवया, सगळी पिवळी झाली.

"ताई, यंदा दोन टोपल्या," श्वेइमू म्हणाला. "न मागता."

फेईचं फळ घाई करत नाही. धरलेलं बी वर्षभर तसंच बारीक राहतं, पुढच्या वर्षी फुगतं, सप्टेंबरात पिकतं. एकाच फांदीवर पिकलेलं आणि पुढल्या सालचं पिल्लू शेजारी शेजारी; म्हणून झाड हलवून पाडत नाहीत, हातानं खुडतात. सतरा महिने फेंगश्येननं वाट पाहिली. काढणी झाली. फांद्या लवल्या होत्या. उंबरा तिनं रोज पुसला.

आठव्या दिवशी ती भावाच्या अंगणात गेली. हिरवी साल कुजून सुटावी म्हणून फळांचे ढीग घातले होते.

"विसरलास का रे?"

श्वेइमूनं मान वर केली नाही. "त्या वेळी दोन दिवस वारा सुटला होता, ताई. त्यानंच झालं. वारा काय तुझ्या बापाचा?"

"बाप एकच आहे आपला."

"फळ आमच्या झाडाला लागतं वन्सं," आग्वे म्हणाली, "धुळीला नाही."

हिवाळ्यात फेंगश्येननं पलीकडच्या खोऱ्यातले करवतवाले बोलावले. झाड पडायला दोन दिवस लागले. ती दोन्ही दिवस स्टूल टाकून समोर बसली. गावातलं कुणी अडवायला आलं नाही.

श्वेइमूला आपलंच बोलणं खरं वाटायला लागलं होतं. वारा आहे म्हणून पुढच्या एप्रिलात त्यानं बाटली आणली नाही, त्याचं बघून इतरांनीही नाही. त्या सप्टेंबरात पीक आलं ते आदल्या वर्षी, झाड उभं असताना धरलेलं, भरगच्च. आग्वेनं हाक मारून सांगितलं, "बघा वन्सं! तुमचा म्हातारा गेला आणि आमची पोरं जास्तच बाळसेदार!"

फेंगश्येन शिडीखाली जाऊन उभी राहिली. वर खुडणारा तिचा भाचा ची हळूच म्हणाला, "आत्या, पुढल्या सालची पिल्लं एकाही फांदीवर दिसत नाहीत."

"ठाऊक आहे. तोंड उघडू नकोस."

आता तिला एकच हवं होतं: पुढल्या सप्टेंबरात त्या रिकाम्या झाडाखाली श्वेइमूचं तोंड बघायचं. तेवढ्यासाठी ती नीट जेवायला लागली, खोकल्याचा काढा न चुकता घेऊ लागली. पण नव्या वर्षाच्या पंधरवड्यात छाती भरली आणि तीन दिवसांत ती गेली. श्वेइमूनं रीतीप्रमाणे सगळं केलं.

सप्टेंबरात साती झाडं मोकळी. शिड्या लावल्या तशा काढल्या. श्वेइमू खोडाला टेकून बसला.

"वसंतातल्या पावसानं घात केला," तो म्हणाला.

"पाऊस कसला," आग्वे म्हणाली. "वन्संची नजर. मरताना लावून गेल्या."

नराच्या रुंद खुंटावर तिनं मोहरीचा पाला वाळत घातला होता. तो उलटायला ती निघून गेली.